डिसेंबरात येणारं ते

गुहागर
१४ ऑगस्ट २००२

चि. सौ. मनस्विनीस आईचे पोटभर आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू बातमी सांगितलीस तेव्हा तुझे बाबा शेजारी उभे होते आणि हौसा केर काढायची थांबून कान देऊन ऐकत होती. म्हणून मी नुसतं "बरं झालं हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र देवापुढे साखर ठेवली आणि मग जरा रडून घेतलं. आता पत्रात सगळं सविस्तर विचारते, कारण फोनवर तू नेहमी घाईत असतेस आणि मध्ये अवनी रिसीव्हर ओढते.

पहिलं म्हणजे, पाचवा महिना लागेपर्यंत सांगितलं का नाहीस? तीन महिने कोणाला सांगत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण आई म्हणजे कोणी का? डिसेंबरअखेरची तारीख दिली आहे म्हणतेस. म्हणजे सप्टेंबरात तू आणि अवनी इकडे निघून या. विमानवाले पुढे घेत नाहीत असं शौनकरावच मागे म्हणाले होते. दुसरं बाळंतपण माहेरी करत नाहीत वगैरे मला कोणी शिकवू नये. त्या परक्या मुलखात तुला शेक-शेगडी कोण देणार? इथे डिंक आणून ठेवला आहे, अळीव आहेत, हौसाने आंघोळ घालायचं आपणहून कबूल केलं आहे. अवनीच्या वेळेस सगळं नीट झालंच ना?

दुसरं. तिकडे सोनोग्राफीत काय आहे ते सरळ सांगतात म्हणे. इथे कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे, मी शाळेत असताना त्यावर मुलींकडून निबंध लिहून घेतले आहेत. पण तुम्हाला सांगितलंच असेल तर आईपासून लपवायचं कारण नाही. मला काहीही चालेल. नुसतं कळलं तर बाळंतविडा शिवायला बरं.

परवा विहीणबाईंना अभिनंदनाचा फोन केला. त्यांना बातमीचं नवल वाटल्यासारखं काही दिसलं नाही. असो.

तुझी,
आई


कार्ल्सरूह
१ सप्टेंबर २००२

ती. सौ. आईस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तब्येत उत्तम आहे. मी येणार नाही. शौनकला रजा मिळते आहे आणि इथे बाळंतपणानंतर सुईण रोज घरी येते. तेव्हा डिंक तुम्ही दोघं खा, बाबांचे गुडघे सुधारतील.

माझ्या जर्मनच्या वर्गात परवा गंमत झाली. माझं पोट आता लपत नाही, म्हणून बाईंनी त्या दिवशी बाळाचाच धडा घेतला. जर्मनमध्ये वस्तूंनासुद्धा तो, ती, ते असतं हे तुला सांगितलं होतं. तर 'बेबी' ते, 'किंड' म्हणजे मूल तेही ते, आणि गंमत म्हणजे 'मेडशेन', म्हणजे चांगली शाळेत जाणारी मुलगी, तीही ते. मुलगा मात्र तो. मी म्हटलं, आमच्याकडे बाळ, मूल, लेकरू, तान्हं सगळं तेच, पण मुलगी झाली की ती. बाईंना फार आवडलं. मग त्यांनी प्रत्येकीला तिच्या भाषेचं विचारलं. माझ्या शेजारी एक पोर्तुगीज बाई बसते. त्यांचा 'क्रियांसा' शब्द कायम स्त्रीलिंगी, मुलगा असला तरी. ती म्हणाली, माझा धाकटा दांडगा आहे, तरी डॉक्टर विचारतात, ती जेवते का? ग्रीक बाई म्हणाली, आमच्याकडे बाळ ते, मुलगी ते आणि मुलगाही ते. शेवटी तुर्की बाईची पाळी आली. तिच्या भाषेत तो, ती, ते हा प्रकारच नाही, सगळ्यांना एकच शब्द. तिला आमचा गोंधळ कळेपर्यंत तास संपला.

तू विचारलंस ते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सांगू का? आम्ही हो म्हटलं. मला आणि शौनकला माहीत आहे. आणखी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तोपर्यंत बाळाला आपण 'ते'च म्हणू या, मराठीत सोय आहे.

अवनी तुला पापा पाठवते.

मनू


गुहागर
२० सप्टेंबर २००२

चि. मनूस आशीर्वाद.

गणपती पार पडले. तुझं पत्र आरतीच्या गडबडीत आलं आणि मी ते उभ्याउभ्याच वाचलं. शब्दांचं वाचून मला जुने दिवस आठवले. निवृत्त झाले तरी मास्तरीण ती मास्तरीणच, लगेच कोश काढून बसले. संस्कृतात 'अपत्यम्' ते, पण 'शिशुः' तो. गुजरातीत 'छोकरुं' ते. कानडीत 'मगु' ते, हे तुझ्या बाबांच्या कारवारच्या मित्राला विचारून घेतलं. गोव्याच्या कोकणीत तर वयाने लहान बाईलासुद्धा ते म्हणतात. हिंदीतला 'बच्चा' मात्र पोटात असल्यापासून तो. हौसाला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "वैनी, प्वार जल्माला येव दे, मंग इचारा काय हाय ता." तिला व्याकरणाचं फारसं कौतुक वाटलं नाही.

पण मनू, तू मला शब्दांच्या गोष्टी सांगून गुंगवते आहेस असं मला वाटायला लागलं आहे. लहानपणी गणिताचा पेपर हातात पडला की तू मला चित्रकलेची वही दाखवायचीस, तसंच हे. अख्ख्या पत्रात बाळाबद्दल दोन ओळी आणि त्यातही नकार.

गौरी-गणपतीचा प्रसाद घेऊन मी एसटीने चिपळूणला गेले होते. विहीणबाईंनी छान केलं माझं, उकडीचे मोदक खाऊ घातले. बोलता बोलता म्हणाल्या, मेमध्ये मनूला फार मळमळत होतं, आता बरं आहे. मे! मला ऑगस्टात कळलं. टीव्हीवर तुझ्या हस्ताक्षरातलं पाकीट ठेवलेलं होतं, तेही चांगलं जाडजूड. मला येतं ते पाकीट उन्हात धरलं तर आरपार दिसतं. मी त्यांना सहज विचारलं, काय म्हणते मनू? तर त्या पाकीट उचलून कपाटात ठेवायला गेल्या आणि चहाचं विचारू लागल्या.

आणखी कोणाला सांगितलं नाही म्हणतेस. मग कपाटात काय ठेवलं? चार वर्षांपूर्वी तूच मला सांगत होतीस की सासूबाईंशी पटत नाही, त्या आतल्या गाठीच्या आहेत. आता त्याच जवळच्या झाल्या? मला वाटतं तिकडे मुलगी कळली आहे आणि त्यांनी तुला काही बोलून ठेवलं आहे. तू इथे आलीस तर तोंडून निघेल म्हणून येत नाहीस. तसं असेल तर सरळ लिही. मी समर्थ आहे त्यांच्याशी बोलायला. मुलगी तर मुलगी, माझी नात आहे, कोणी नाक मुरडलं तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
आई


कार्ल्सरूह
८ ऑक्टोबर २००२

ती. आईस नमस्कार.

सासूबाईंनी मला काहीही बोलून ठेवलेलं नाही. त्यांच्यावर संशय घेऊ नकोस. त्यांना बाळाचं काय ते ठाऊक नाही.

मी एकच गोष्ट विचारते, तिचं उत्तर दे. अवनीच्या वेळचं, अठ्ठ्याण्णव सालचं डोहाळजेवण आठवतं ना, चिपळूणचं? दोन वाट्या उपड्या ठेवल्या होत्या, एकीखाली पेढा आणि एकीखाली बर्फी. मी जी उघडेन त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरायचं. मी डावीकडची उघडली, पेढा निघाला, सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर ताट आत नेताना मी दुसरी वाटी उचलून पाहिली होती. तिच्याखालीही पेढाच होता.

हे मी आजवर तुला सांगितलं नव्हतं. त्या वाट्या कोणी मांडल्या होत्या? तू त्या वेळी स्वयंपाकघरात होतीस, तुला माहीत असणार.

मनू


गुहागर
२५ ऑक्टोबर २००२

चि. मनूस आशीर्वाद.

काय तरी जुनंपुराणं उकरून काढतेस. चार वर्षं झाली त्याला. घर त्यांचं, कार्य त्यांचं, मी पाहुणी. स्वयंपाकघरात दहा बायका होत्या. कोणी कुठे काय ठेवलं ते मी काय पाहत बसले होते? तुझी ओटी भरायची तयारी करत होते मी. पेढे जास्त आले असतील आणि कोणीतरी घाईत ठेवले असतील. असल्या खेळाला कोणी एवढं मनाला लावून घेतं का?

तेव्हाही तुला वाटलंच असेल कोणी केलं ते. मी त्यावर काही बोलत नाही.

लोकरीचे मोजे पाठवले आहेत. पिवळे घेतले, म्हणजे तुझ्या 'ते'ला चालतील.

आई


गुहागर
२६ ऑक्टोबर २००२

सौ. सगुणाविहीणबाई यांना नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली, तुमच्याकडे फराळाची गडबड असेल. त्यात हे पत्र लिहून त्रास देते आहे. पण फोनवर बोलता येण्यासारखं नाही.

मनूच्या मनात आमच्याविषयी काहीतरी भरलेलं दिसतं. माहेरी यायला नकार, बाळाचं काय ते सांगायला नकार. आणि परवाच्या पत्रात मागच्या डोहाळजेवणाच्या वाट्यांबद्दल उलटतपासणी. चार वर्षांनी हा विषय तिला आपोआप सुचला असेल असं मला वाटत नाही. तुमची तिची पत्रं मोठी असतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलीची आई म्हणून आम्ही नेहमीच पडती बाजू घेत आलो. पण मायलेकींत अंतर पडावं असं कोणी काही लिहीत असेल तर ते बरं नव्हे. तुम्ही सुज्ञ आहात, अधिक काय लिहू.

आपली,
सुनेत्रा


चिपळूण
९ नोव्हेंबर २००२

सौ. सुनेत्राविहीणबाई यांना नमस्कार.

तुमचं पत्र भाऊबिजेच्या आधी आलं. सण नीट जावा म्हणून उत्तर मागे ठेवलं. मी तुमच्यासारखी शिकलेली नाही, सातवीत शाळा सुटली. तेव्हा आडवळणाने लिहिता येत नाही, थेट लिहिते, राग मानू नका.

मनूची पत्रं जाड असतात कारण त्यात अवनीची चित्रं असतात. तुम्हाला पाठवत नसेल तर मला ठाऊक नव्हतं. म्हणूनच ते पाकीट मी कपाटात ठेवलं. तुम्ही चित्रांची चौकशी केली असती आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं.

आता वाट्यांचं. मेमध्ये मनूने मला पत्र लिहिलं. दिवस राहिल्याचं सांगितलं आणि पुढे विचारलं, मागच्या वेळी तुम्ही दोन्ही वाट्यांखाली पेढे का ठेवलेत, मुलगी एवढी नकोशी होती का. मला तेव्हा कळलं की चार वर्षं ती माझ्याशी तुटक का वागली. मी उत्तर दिलं की मी ठेवले नव्हते. एवढंच लिहिलं. कोणी ठेवले ते तिने विचारलं, मी सांगितलं नाही.

पण विहीणबाई, मला माहीत आहे. मी पेढे-बर्फीचा पुडा तुमच्या हाती दिला होता, कारण पहिला मान मुलीच्या आईचा. त्या दिवशी बायका गेल्यावर मी डबे पुसत होते. तुमची कापडी पिशवी खुंटीवर होती आणि तिच्यातून केळीचं पान बाहेर आलं होतं. ते आत सारायला गेले तर आत बर्फी होती. मी पान होतं तसं गुंडाळून ठेवलं. घरच्यांनाही बोलले नाही, शौनकलाही नाही.

का बोलले नाही? मुलीचं सासूशी बिनसलं तर ती माहेरी जाऊन रडू शकते. आईशी बिनसलं तर तिने कुठे जायचं? म्हणून म्हटलं, मला लावते आहे बोल तर लावू दे. पण मी मनात भरवते असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा माझंही मन मेलेलं नाही. तिला दोन दिवसांत तुम्ही लिहा. मी लिहिणार नाही.

बाळाचं काय आहे ते मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

सगुणा


गुहागर
१२ नोव्हेंबर २००२

मनू,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

पेढे मी ठेवले होते. दोन्ही वाट्यांखाली मी ठेवले आणि बर्फी पिशवीत लपवली. गेल्या पत्रात तुला जे लिहिलं ते खोटं लिहिलं, आणि ज्या माउलीने माझं पाप चार वर्षं झाकलं तिच्यावर ढकललं. तिला मी आणखी एक पत्र लिहून नको ते बोलले. तिचं उत्तर काल आलं. तिने तुला काहीही सांगितलेलं नाही, हे तू जाणतेसच.

तुला आत जाताना मी त्या दिवशी पाहिलं होतं. तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. मी समजले. आणि तुला वाटतंय सासूने केलं, हेही मला महिन्याभरात तुझ्या बोलण्यावरून कळलं. तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तू सासूची गाऱ्हाणी माझ्याकडे आणायचीस ते मला बरं वाटायचं. आपली मुलगी आपलीच राहिली, असं वाटायचं.

का केलं? तू झालीस तेव्हा माझ्या सासूबाई बाळंतिणीच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि कळल्यावर तिथूनच परत गेल्या. तुला त्यांनी तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा मांडीवर घेतलं. अवनीच्या वेळी सातव्या महिन्यात तू हिरवी साडी नेसून पाटावर बसलीस, भोवती सगळ्या सासरच्या बायका, आणि मला वाटलं, बर्फी निघाली तर या हिच्याकडे तशाच बघतील. दोन महिने तरी हिचे लाड होऊ देत. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मलाही मुलगाच हवा होता, मनू. मी शाळेत मुलींकडून निबंध लिहून घेतले आणि घरी हवा होता मुलगा. तुझ्या सासरच्यांना मी भ्यायले असं म्हणत आले, पण त्या घरात असा विचार करणारी त्या दिवशी मी एकटीच होते.

तू येत नाहीस ते माझ्यामुळे, हे आता मला समजलं. मुलगी असेल आणि तू माझ्यापासून लपवत असशील तर तुझं बरोबर आहे. विहीणबाईंची मी उद्या चिपळूणला जाऊन माफी मागणार आहे. तुझी इथूनच मागते. तुला जमेल तेव्हा, जमलं तर, दोन ओळी लिही.

आई


कार्ल्सरूह
१ डिसेंबर २००२

ती. आईस नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते शौनकलाही दाखवलं नाही. तीन वेळा वाचलं. राग गेला असं लिहिलं तर मीही खोटंच लिहिलं असं होईल. पण तू आपणहून लिहिलंस. मेपासून मी त्याचीच वाट पाहत होते. सासूबाईंचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. पुडा तुझ्या हाती होता हे मला आठवत होतं, फक्त मला ते मानायचं नव्हतं.

आता ऐक. मुलगी नाही. मुलगा आहे.

तुला वाटलं, मुलगी म्हणून मी लपवते आहे. शौनकलाही आधी वाटलं होतं की मुलगा आहे तर लपवायचं कशाला, सगळे खूशच होतील. मी त्याला म्हटलं, तेच तर. अवनी झाली तेव्हा दवाखान्यात तू माझ्या केसांवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "पहिली बेटी धनाची पेटी, असू दे." तू मायेनेच म्हणालीस. पण ते 'असू दे' मी अजून विसरले नाही. मला टाके पडले होते, मी थकले होते आणि बाजूला ती इवलीशी झोपली होती. तिच्याबद्दल माझी समजूत घालण्यासारखं काय होतं?

मी तिकडे आले असते तर मुलगा झाला म्हणून तू आळीभर पेढे वाटले असतेस. दृष्ट काढली असतीस, व्याडेश्वराला अभिषेक केला असतास. अवनी चार वर्षांची व्हायला आली, तिला आता सगळं समजतं. तिच्या वेळी यातलं काय काय झालं होतं ते ती मला विचारेल आणि मला सांगता येणार नाही. म्हणून येत नव्हते, आणि म्हणून सांगत नव्हते. तुझा आनंद तिला कळू द्यायचा नव्हता, मला तो बघायचा नव्हता. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, पण आता दोघींनी खरंच लिहायचं ठरवलंय, तर लिहिते.

सासूबाईंनाही मी आजच्याच टपालाने कळवते आहे. दोघींना एकाच दिवशी कळेल.

शौनक तुझ्या व्हिसाचे कागद पाठवतो आहे. जानेवारीत ये. थंडी फार असते, बाबांचा जुना कोट आण. यायचं की नाही ते तू ठरव, आलीस तर मला हवी आहेस. बाळाला तू हवं तितकं मांडीवर घे, त्याची आजी आहेस. पण आत जायची घाई करू नकोस, दारात अवनी उभी असेल. आजी येणार म्हणून ती रोज शाळेत सगळ्यांना सांगते. बाळाला बघायला येणार का, असं तिच्या बाईंनी विचारलं, तर म्हणाली, नाही, आजी मला बघायला येणार आहे.

मीच तिला तसं सांगितलं आहे.

मनू